टीचरला मराठी येत नाही

आमचं बालघर पनवेलजवळच्या करंजाड्यात. शाळा सुटल्यावर झाडायला घेतलं की एक सुटा मोजा आणि एक किस्सा हमखास सापडतो. मोज्याला दुसऱ्या दिवशी मालक भेटतो, किस्सा माझ्याकडेच उरतो. आता घरभर झालेत! माझा नवरा म्हणतो, ‘हिच्या गोष्टीतलं निम्मं खरं असतं.’ कुठलं निम्मं, ते त्याला अजून ओळखता आलेलं नाही.

आमच्याकडे मॉन्टेसरी, तीही दोन भाषांत. म्हणून एक कडक नियम. एका बाईने एकच भाषा बोलायची. मी मराठी, फरीदा इंग्रजी. फरीदा जन्मापासून पनवेलची. तिचं मराठी इतकं फर्डं की कुणी ऐकलं तर माझ्या जागी तिलाच नेमतील! पण मुलांसमोर अवाक्षर नाही. त्यामुळे मुलांची पक्की समजूत, ‘बिचाऱ्या टीचरला मराठी येत नाही.’

*

एकदा फरीदा पनवेलच्या मासळी बाजारात हुज्जत घालत होती. “मावशी, या पापलेटचा डोळा बघा, परवापासून झोपलाय—” इतक्यात समोर आमच्या वर्गातला वेद, आईचं बोट धरून!

“ओ! व्हॉट अ लव्हली फिश!” फरीदा म्हणाली.

कोळीणमावशी चाट. “काय झाला गो बाय तुला?”

वेद पुढे झाला. “मावशी, तिला मराठी नाही येत. तिला फसवू नका हं.”

मावशी विरघळल्या आणि चार बोंबील वरून टाकले. तेव्हापासून फरीदा बाजारात निघाली की विचारते, “वेद मोकळा आहे का गं?”

*

आमच्याकडे जो तो आपापल्या चटईवर काम करतो आणि संपलं की चटई गुंडाळून जागेवर ठेवतो. ही शिस्त घरीही जाते. कामोठ्याच्या आमच्या रेवाच्या बाबांकडे मेहुणे राहायला आले होते. सोफ्यावर टीव्हीसमोर मुक्काम, हलायचं नाव नाही. चार वर्षांची रेवा जवळ जाऊन उभी राहिली.

“मामा, तुमचं काम झालं का?”

“झालं की!”

“मग गुंडाळा आणि जागेवर जा.”

बाबा दुसऱ्या दिवशी पेढे घेऊन आले. कशाचे, विचारलं तर नुसते हसले!

*

पालकांच्या भेटीला एक बिल्डर आले. “एवढी फी घेऊन ठोकळेच खेळवता?” असं म्हणत छोट्या खुर्चीत बसले आणि आमचा गुलाबी मनोरा रचू लागले. मोठा ठोकळा खाली, लहान वर, इतकं सोपं. पण घाई! मधला एक चुकला.

त्यांचाच ओम शांतपणे बघत होता. म्हणाला, “बाबा, यात कुणी राहणार आहे का?”

“नाही रे.”

“मग चालेल.”

बिल्डरांनी मनोरा उतरवला आणि पहिल्यापासून रचला.

*

मौनाचा खेळ सर्वांच्या आवडीचा. डोळे मिटून, अगदी गप्प बसून काय काय ऐकू येतं ते नंतर सांगायचं. पंखा, कावळा, शेजारच्या काकूंचा कुकर. त्यात कायम जिंकायची जुई. कारण ती एरवीही बोलायचीच नाही! उरणकडच्या कोळ्यांची पोर, बाप बंदरात कामाला, सांभाळायला आजी. जूनपासून शाळेत तोंडातून शब्द नाही.

आजी तणतणली, “घरी पोरीचा तोंड बंद नाय व्हत, आन् तुमच्याकडं मुकी? दोन-दोन भाषांनी गोंधळलीय. दिवालीपातूर बोलली नाय तर आमी काढून नेनार!”

फरीदाचा जीव अडकला होता त्या पोरीत. जुई रोज खरखरीत कागदाची मराठी अक्षरं घेऊन तिच्याच शेजारी बसायची. तिचं बोट धरायची आणि ‘क’वरून हळूहळू फिरवायची. टीचर चुकली की पुन्हा पहिल्यापासून. आम्हाला वाटायचं, खेळतेय.

*

दिवाळीच्या सुट्टीआधीचा शेवटचा दिवस. आजी दारात हजर. खुंटीवरचं दप्तर काढलं आणि समोर सापडलेल्या फरीदाला धरलं धारेवर. “तुज्या इंग्रजीनं पोरगी मुकी केलीस! येवढी शिकलेली तू, एक शबुद नाय काढता आला?”

मागे सगळी मुलं बसलेली. फरीदा नियमाची पक्की. नुसती मान हलवत राहिली, डोळे मात्र भरून आले. मी मध्ये पडायला उठले, तोवर जुई उठली होती.

तिने आधी आपली चटई गुंडाळली. जागेवर ठेवली. मग चालत येऊन दोघींच्या मध्ये उभी राहिली.

“आजी, वरडू नको. तिला मराठी नाय येत.”

आजीच्या हातातलं दप्तर खाली पडलं.

“अगं माझी बाय ती! बोललीस गं!” फरीदाने ओरडत तिला उचललंच. चक्क मराठीत! इतक्या वर्षांचा नियम, सगळ्या वर्गासमोर! मुलं आ वासून बघत राहिली. वेद तर उभाच राहिला. मी डोक्याला हात लावला.

जुईने आधी टीचरकडे पाहिलं. मग तिच्या कडेवरूनच, मान ताठ करून, आजीकडे.

“बग! शिकवली ना मी?”