फुटली की वाढली

ताईच्या पुतणीचं लग्न होतं, म्हणून मी तिला आग्रहाने कासारणीकडे नेलं. भावोजींना जाऊन वर्ष झालं होतं आणि तेव्हापासून ताईचे हात मोकळेच होते. म्हाताऱ्या कासारणीने हात दाबत दाबत दोन बांगड्या चढवल्या. तिसरी कट्‌कन तुटली.

"फुटली," ताई म्हणाली.

आमच्याकडे बायका बांगडी फुटली म्हणत नाहीत, 'वाढली' म्हणतात. एरवी वाढणं म्हणजे मोठं होणं. पण अशुभ तोंडून निघू नये म्हणून कधीतरी कुणीतरी हा शब्द उलटा वापरला आणि सगळ्यांनी तो मान्य केला. नवरा गेलेल्या बाईला मात्र त्या शब्दाची गरज उरत नाही, हेही सगळ्यांनी न बोलताच ठरवून टाकलं. ताईनेही ते मुकाट्याने मानलं होतं.

"वाढली म्हणा, बाई," कासारीण म्हणाली.

"अहो, माझे यजमान गेले."

कासारणीने तिचा हात सोडला नाही. "हात तुमचाच आहे ना? मग वाढलीच."

ताईने दुसराही हात पुढे केला.