डब्यातला बर्फ
रसवंतीवाल्यानं गोणपाटातला बर्फ फोडला, की मला ती रिक्षा आठवते. ऐन उन्हाळ्यातली सोलापूरची दुपार, शेजारी आई, माझ्या मांडीवर थर्माकोलचा डबा, आणि त्यात बर्फात रुतवलेल्या नळीत ताईच्या छातीतल्या गाठीचा नुकताच काढलेला इवलासा तुकडा. ताईनं ऑपरेशनआधीच संशोधनाला होकार दिला होता. डबा हातात देताना हॉस्पिटलातली संशोधनाचं काम बघणारी मुलगी म्हणाली होती, "पेशींमध्ये मायक्रोआरएनए नावाचे फार बारीक धागे असतात. त्यातले काही कॅन्सरला आवरून धरतात. ते कमी झाले की तो पसरतो. गरम झाले तर हे धागे तुटतात, लवकर लॅबमध्ये पोचवा." यातून ताईचं काही कळणार नाही, हा अभ्यास पुढच्या बायकांसाठी आहे, हेही तिनं सांगितलं. आईच्या मनात मात्र एवढंच राहिलं, की कॅन्सरला आवरणारं काहीतरी या डब्यात आहे. सिग्नलला डब्यातून पाणी ठिबकलं, तशी ती उतरून समोरच्या रसवंतीकडं पळाली. "बर्फ द्या की वो, माज्या पोरीचं हाय," म्हणत पदरात बर्फ घेऊन आली आणि तोच ओला पदर लॅब येईपर्यंत डब्यावर धरून बसली. मीही रिक्षावाल्याला घाईच करत होतो. पुढचा उन्हाळा ताईनं पाहिला नाही. तिचा तुकडा अजून लॅबच्या फ्रीझरमध्ये असेल, असं मी एकदा बोलून गेलो. तेव्हापासून घरातली लाईट गेली, की आई हातातलं काम थांबवून विचारते, "तितली लाईट जात न्हाय न्हवं?"