शास्त्राच्या खोलीची किल्ली

मी खरं बोलते तेव्हाच लोकांना ते खोटं वाटतं! सिल्व्हर नायट्रेटची बाटली रिकामी सापडली आणि मी दहा वेळा सांगितलं, "म्या हात लावलेला न्हाई." हेडमास्तर खाली बघत राहिले, कारकून वर बघत राहिला. खोलीची किल्ली माझ्या कमरेला, म्हणजे चोर मीच! शनिवारपर्यंत चोर सापडला नाही तर किल्ली ठेवायची आणि घरी जायचं, असं ठरलं. घरी जाऊन काय चुलीकडे नोकरी मागायची?

ते सांगतेच. पण त्या खोलीतलं एक सांगायला घेतलं की दुसरं मध्ये घुसतं. लढाईच्या सालांत साताऱ्याच्या एका हायस्कुलात मी बाटल्या धुवायचे, दिवे भरायचे आणि दाराशी बसून लिमये मास्तरांचं शिकवणं ऐकायचे. मी चौथी पास. पण आठवीचं रसायनशास्त्र माझं सहा वेळा झालं होतं, पोरांचं एकदाच!

*

मास्तरांनी लिटमसचे कागद दाखवले. आम्लात निळा कागद तांबडा होतो, अल्कात तांबडा कागद निळा. आम्ल म्हणजे चिंच, लिंबू. अल्क म्हणजे राख, चुना, सोडा. पोरांनी चार कागद खिशात घातले आणि खाणावळीत जेवायला बसल्यावर आमटीत बुडवले. तांबडा कागद निळा!

दुसऱ्या दिवशी खाणावळवाल्या सखूमावशी पदर खोचून शाळेत हजर. "मास्तर, डाळ लवकर शिजावी म्हणून मी चिमूटभर सोडा घालते, ह्ये माझ्या नवऱ्यालाबी ठावं न्हाई. त्या कागदाला कुणी सांगितलं?"

*

एकदा हायड्रोजन सल्फाइड केला. खोलीत उभं राहवेना. मास्तर म्हणाले, "या वायूला नासक्या अंड्यासारखा वास येतो. वहीत लिहा."

वाईचा जोशी नाक दाबून उभा राहिला. "सर, आमच्यात अंडी आणत नाहीत. मी कशासारखा लिहू?"

मागच्या बाकावरून शिंद्यांचा पोरगा ओरडला, "लिव्ह रं गड्या, मला ठावं हाय, तसाच येतोय!"

परीक्षेत जोशीनं लिहिलं, "या वायूचा वास शिंदे सांगतो तसा असतो." मास्तरांनी पुरे मार्क दिले.

*

मास्तरांच्या बायको, लिमयेवहिनी, एक दिवस धोतर घेऊन आल्या. त्याची नुसती चाळण! "बाई, घरात उंदीर झालेत हो. धोतर धुतलं की नवी भोकं."

मी म्हटलं, "वहिनी, उंदीर न्हाई, ॲसिड हाय. थेंब उडतो तवा दिसत न्हाई. पाण्यात घातलं की कापड गळतं."

वहिनींनी मास्तरांकडे बघितलं. मास्तर टेस्ट ट्यूबमध्ये बघत म्हणाले, "छे! उंदीरच असतील."

आठ दिवसांनी वहिनींनी मांजर पाळलं.

*

ही चूक मात्र माझी. इन्स्पेक्टर साहेब तपासणीला येणार होते. चुन्याच्या निवळीत नळीनं फुंकर मारली की श्वासातल्या कर्बवायूनं ती दुधासारखी होते, हा प्रयोग दाखवायचा होता. मास्तर बजावून गेले, "बाई, निवळी अगदी स्वच्छ पाहिजे." मी बघितली तर थोडी गढूळ. फेकली आणि आडाचं स्वच्छ पाणी भरलं!

साहेब म्हणाले, "मीच फुंकतो." फुंकले. पाणी तसंच. पुन्हा फुंकले. कान लाल झाले, डोळे बाहेर आले, पाणी तसंच! मास्तरांनी माझ्याकडे बघितलं आणि सगळं ओळखलं. मला वाटलं, संपलं आता.

मास्तर हात जोडून म्हणाले, "साहेब, इतका शुद्ध श्वास मी नोकरीत पहिल्यांदा बघतोय!"

शेरा लय चांगला मिळाला.

*

आता ती बाटली. लढाईमुळे बाहेरचा माल येत नव्हता. एवढंसं सिल्व्हर नायट्रेट सांगलीच्या शाळेकडून मागून आणलेलं. ते गेलं म्हटल्यावर सगळ्यांत मोठ्यानं ओरडले ते ड्रिल मास्तर शिंगटे हवालदार. पहिल्या लढाईतले पेन्शनर. "बाईची झडती घ्या!"

मी सगळ्यांच्या हातांकडे बघत राहिले. त्या औषधाचा एक थेंब मागं माझ्या हातावर सांडला होता. लावल्यावर काही दिसत नाही, पण ऊन लागलं की कातडी काळी पडते आणि आठ-आठ दिवस निघत नाही. म्हटलं, ज्यानं घेतलं त्याचे हात बोलतील.

शुक्रवारी सकाळी हवालदार मैदानावर आले. वाटेवरच्या उन्हानं पांढरी मिशी काळीभोर! पोरं टाळ्या वाजवायची तेवढी राहिली. दोन तास उन्हात लेफ्ट-राइट झालं आणि मिशीखालचा ओठ काळा, हनुवटी काळी, दहाही बोटं काळी!

"बूटपॉलिश हाय," हवालदार म्हणाले.

मी चिंचेचा गोळा आणि राख त्यांच्या पुढ्यात ठेवली. "घासा. निघालं तर मी चोर!"

त्यांनी घासलं. ओठ सोलवटला, काळं तसंच. मग ते तिथंच पायरीवर बसले. "बाई, माफी करा. तुमी बाटल्या धुवाया आडावर गेला तवा दार उघडंच हुतं. सोमवारी लोणंदला पलटणीच्या भरतीचे साहेब येत्यात. जुन्या लोकांना परत घेत्यात, पण पांढऱ्या मिशीला न्हाई. शाळंत लेफ्ट-राइट करून जीव इटला माझा."

"मला काय सांगता? हेडमास्तरांना सांगा. चारचौघांत."

सांगितलं त्यांनी. ताठ उभं राहून, सलाम करून.

हेडमास्तरांनी चौकशीचं रजिस्टर उघडलं आणि पेन हातात धरून बसले. "शाळेच्या कमिटीला कुणाचं तरी नाव द्यावंच लागेल. पण हवालदारांचं चोरीत नाव गेलं, तर पलटण यांना उभं करणार नाही."

"आणि माझं गेलं तर मला कोण उभं करील?" मी म्हटलं. "कुणाचंबी लिवा, माझं सोडून!"

हवालदार काळी बोटं मुठीत लपवून उभे. शेवटी लिमये मास्तर खाकरले. "तसं शास्त्राप्रमाणे बघितलं तर, सिल्व्हर नायट्रेट उन्हानं खराब होतंच. म्हणून तर ते तपकिरी बाटलीत ठेवतात."

हेडमास्तरांनी मास्तरांकडे बघितलं. मग हवालदारांच्या मिशीकडे बघितलं. मग खिडकीबाहेर बघितलं. पेन शाईत बुडवलं आणि 'दोषी इसमाचे नाव' या रकान्यात वळणदार अक्षरात लिहिलं:

श्री. सूर्यनारायण.