साडूची गाय दारोदारी

गंगाबाईंनी माझ्या चरवीत बोट बुडवलं, वर काढलं आणि उजेडात धरलं. दुधाचा थेंब बोटावरून कसा ओघळतो, ते त्या बघत होत्या. घट्ट दूध बोटाला धरून राहतं, पाणी घातलेलं झरकन उतरतं. आमच्या धंद्यातली ही परीक्षा एव्हाना अमरावतीच्या बायाबायांना ठाऊक झाली होती.

"मारोतीभाऊ, पातळ लागून राहिलं आज."

"बाई, म्हशीनं हिरवा चारा खाल्ला. हिरव्यावर दूध पातळ येते."

"असन बाप्पा. पण सोनबा तर डोळ्यासमोर काढून देते."

सोनबा म्हणजे माझा साडू. त्याची बायको आणि माझी बायको सख्ख्या बहिणी.

मी गवळी. परकोटाच्या, म्हणजे शहराच्या तटाच्या, आतल्या एका गल्लीत माझे रतीब होते. रतीब म्हणजे रोज ठरलेलं दूध ठरलेल्या घरी पोचवणं. पूर्वी हा धंदा नावापुरताच होता, कारण घरोघरी गाय नाहीतर म्हैस असायची. मग सातासमुद्रापलीकडे कुठेशी लढाई जुंपली, तिकडचा कापूस अडला आणि विलायतेच्या गिरण्यांना वऱ्हाडाची आठवण झाली. काळ्या जमिनीत जो तो कापूस लावू लागला. ज्वारी कमी झाली, तिच्यामागे कडबाही गेला. लोकांनी गाई-म्हशी विकल्या आणि दूध विकत घेऊ लागले. हाती पैसा खेळत होता. सणाची खीर आडवारी होऊ लागली.

रतीबाचं सुख मोठं आहे. घरात शेणघाण नाही, आंबोण कालवणं नाही, भल्या पहाटे उठणं नाही. दुःख एकच. गवळ्यावर विश्वास ठेवावा लागतो, आणि गवळ्यावर विश्वास ठेवणारं माणूस मला अजून भेटायचं आहे.

नेमकी हीच नाडी सोनबानं पकडली. तोवर तो कापसाच्या एजंटाकडे गाडी हाकायचा. एकदा तिवशाच्या बाजारातून पांढरीशुभ्र गाय घेऊन आला आणि तिला वासरासकट दारोदार फिरवू लागला. दारात गाय उभी करायची, वासराला दोन घोट पिऊ द्यायचे. वासरू लुचलं की गाईला पान्हा फुटतो, म्हणजे तिचं दूध सडात उतरतं. मग वासरू बाजूला बांधून थेट मापात धार काढायची. घरची बाई उंबऱ्यावर उभी राहून बघते. पाण्याचा संशय घ्यायला जागाच नाही.

मी गंगाबाईंना एकदा म्हटलं, "बाई, थे माप अर्धं फेसानं भरते. तुमी फेस घेऊन राहिल्या."

"फेस खाली बसते, मारोतीभाऊ," त्या म्हणाल्या. "पाणी बसत नाई."

सगळी गल्ली हसली. सोनबाही हसला, आणि ते हसणं माझ्या फार जिव्हारी लागलं.

मीही एकदा हट्टानं म्हैस घेऊन निघालो होतो. ती पहिल्याच विहिरीपाशी चिखल बघून बसली ती ऊन चढल्यावर उठली. त्या दिवशी एकाही घरी दूध पोचलं नाही.

खोटं कशाला सांगू, मी जळत होतो. त्या गाईच्या गळ्यातली घंटा ऐकली की तोंडातला घास कडू व्हायचा. बायको सहज म्हणाली, "ताईचं नवं लुगडं पाह्यलं का?" मी ताटावरून उठलो.

गंगाबाईंचे मालक कापसाचे अडते, महिन्यातले बरेच दिवस अकोल्याला असत. त्यांचा रतीब गल्लीत सगळ्यात मोठा, आणि गल्ली गंगाबाईंच्या मागून चालायची. त्यांनी मला साफ सांगितलं होतं, "दिवाळीपावतर पाहीन. मग सोनबाचंच लावीन." ते घर गेलं की गल्ली जाणार, आणि गल्ली गेली की म्हशी विकण्याखेरीज मला दुसरा मार्ग नव्हता.

दिवाळीच्या तोंडावर वसुबारस आली आणि माझं डोकं चाललं. त्या दिवशी बाया गाई-वासराची पूजा करतात आणि गाईचं दूध-तूप खात नाहीत. म्हणजे साडूचा धंदा बंद. दूध लागलं तर म्हशीचंच लागणार! संध्याकाळी मी सगळ्या चरव्या भरल्या आणि कावड खांद्यावर टाकून खुशीत निघालो.

गंगाबाईंच्या दारी पोचलो. त्यांनी चरवीकडे बघितलंसुद्धा नाही.

"आज दुधाचं काईच चुलीवर चढत नाई, मारोतीभाऊ. ना गाईचं ना म्हशीचं. गवळी असून तुमाले मालूम नाई?"

मालूम होतं. पण त्यांच्या घरी इतकं कडक पाळत असतील असं वाटलं नव्हतं. पुढच्या दारीही तेच. भरल्या चरव्या घेऊन मी गल्लीत उभा राहिलो, आणि तेवढ्यात ती घंटा वाजली.

सोनबा एक थेंब विकायला आला नव्हता. नुसती गाय घेऊन आला होता. कुणाच्याच घरी आता गाय उरली नव्हती, मग पूजा कुणाची करणार? दारोदार तिचे पाय धुतले, कुंकू लावलं, शिंगांना झेंडूच्या माळा घातल्या. वासराच्या पाठीवर जरीचा खण टाकला. सोनबाच्या डोक्यावर नवं पागोटं चढलं. बाया माझी कावड ओलांडून तिच्याकडे धावत होत्या. मला त्या गाईचा इतका राग आला, की हात जोडायचंही सुचलं नाही.

प्रत्येक दारी नैवेद्य होता. उडदाचे वडे, भात, गूळ आणि भिजवलेली हरभऱ्याची डाळ. एका दारचं खाल्लं आणि दुसऱ्या दारचं नाकारलं, असं कसं चालेल? दुसऱ्या दारची बाई रुसली, तर उद्या ती दूध घेणार नाही. सोनबा हसत म्हणायचा, "खाऊ द्या माय, लक्ष्मी हाय थे." त्यानं गाडी हाकली होती, गाई राखल्या नव्हत्या. भिजवलेली डाळ जनावराच्या पोटात काय करते, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. मला दिसत होतं, आणि मी कावडीपाशी गप्प उभा होतो.

गल्ली संपवून परतताना गंगाबाईंच्या ओट्यापुढे गाय थांबली. डावी कूस ढोलासारखी फुगली होती. जीभ बाहेर, डोळे पांढरे. गुडघे टेकले आणि ती कलली.

"माय वं!" गंगाबाई किंचाळल्या. "आजच्या दिवशी, माह्या दारात?"

वसुबारसेला, पूजेच्या दारी, नैवेद्य खाऊन गाय मेली तर त्या बाईनं तोंड कुठे दाखवायचं? आणि सोनबाची गाय पुन्हा कोण दारात उभी करणार? सगळे रतीब आपल्या पायांनी माझ्याकडे परत आले असते. मला फक्त कावड उचलून घरी जायचं होतं.

सोनबा पागोटं काढून माझ्याकडे आला. "साडभाऊ, काई करा. मरून राहिली थे."

"काहून? लक्ष्मी हाय नं?" मी म्हटलं.

वासरू हंबरलं. मनात मी अजून नाहीच म्हणत होतो आणि तोंडानं ओरडत होतो, "बाई, गोडं तेल आणा! हिंग, ओवा! लवकर!"

चौघांनी जोर लावून गाय उठवली. पुढचे पाय ओट्याच्या पायरीवर चढवले, म्हणजे पोटाचा भार छातीवरून उतरतो. कडुलिंबाची जाड काठी तिच्या तोंडात आडवी देऊन दोरीनं शिंगांना बांधली. काठी चघळताना जनावर तोंड हलवतं आणि आतला वायू वर येतो. मग बांबूच्या नळीनं तेल, हिंग, ओवा घशाखाली घातलं आणि कूस चोळत राहिलो. हात भरून आले. शेवटी तिनं एक लांब ढेकर दिला, असा की वासानं बाया नाकाला पदर लावून मागे सरल्या. मग दुसरा आला. कूस बसू लागली.

गल्लीनं गाईला पुन्हा ओवाळलं. मेलेली लक्ष्मी उठली म्हणून परकोटभर बोभाटा झाला. सोनबा मात्र खरं बोलणारा निघाला. दारोदार सांगत सुटला, "साडभाऊनं वाचवली." त्यापेक्षा खोटं बोलला असता तर बरं झालं असतं. निदान मला त्याच्यावर नीट चिडता आलं असतं.

दिवाळीला गंगाबाईंनी माझा रतीब तोडला. "तुमी तं जनावराचे वैद, मारोतीभाऊ. दूध कायले विकता?" मागोमाग गल्ली गेली. मी दोन म्हशी विकल्या. उरलेलीचं दूध घरचेच प्यायले. लोक आजारी जनावरं माझ्या अंगणात आणून बांधू लागले. बरं झालं की "देवानं केलं" म्हणायचे आणि घेऊन जायचे.

धंद्यात दुसऱ्याचं जनावर वाचवायला हरकत नाही. फक्त ते गिऱ्हाइकाच्या दारात वाचवू नये.

पुढच्या वसुबारसेला गंगाबाईंकडून मला बोलावणं आलं. दूध नको होतं. गाय नैवेद्य खाईल तेव्हा मी जवळ असावं, एवढंच. मी गेलो. पुढे नव्या पागोट्यात साडू, मधे माळा घातलेली गाय, आणि मागे तेलाची बुधली अन् बांबूची नळी घेऊन मी.