पेरॉक्सिझोम आणि गव्हाणचे काका

काल पनवेलला अकरावीच्या बॅचला पेरॉक्सिझोम शिकवत होते. एरवी दहा मिनिटांत उरकणारा टॉपिक... काल मात्र मीच मध्ये अडले.

बटाट्याच्या कापावर हायड्रोजन पेरॉक्साइड ओतलं. फसफसून फेस आला तशी पोरं पुढे सरकली. पेशीत चरबी वगैरे जाळताना हे घातक पेरॉक्साइड तयार होतं आणि पेरॉक्सिझोम नावाच्या बारीक पिशवीत त्याचं तिथल्या तिथे पाणी आणि ऑक्सिजन होतं. बाकीच्या पेशीला पत्ताही लागत नाही.

तो फेस बघितला की मला माझा गुडघा आठवतो. मी आठ वर्षांची असताना काका आईशी लग्न करून आमच्या घरी आले. तळोज्याच्या केमिकल कंपनीतून शिफ्ट करून यायचे आणि मी सायकलवरून पडलेली असले की पेरॉक्साइडची बाटली घेऊन समोर बसायचे. मी त्यांचा हात झटकायचे. बाबा म्हणून कधी हाक मारली नाही. फोनमध्येही अजून 'गव्हाणचे काका' असंच सेव्ह आहे.

दोन वर्षांपूर्वी आई गेली. "आता हितं माजं काय काम हाय?" म्हणत त्यांनी बॅग भरली आणि गव्हाणला, आपल्या गावी, गेले. 'थांबा' एवढंच मला म्हणायचं होतं... म्हटलं नाही. त्यांची कपबशी अजून मांडणीवर आहे.

तर काल एका मुलीने विचारलं, मॅडम, हे पण मायटोकॉन्ड्रियासारखे बाहेरून येऊन राहिलेत का? मायटोकॉन्ड्रिया मुळात बाहेरून पेशीत शिरलेले जिवाणू, हे आदल्या तासाला झालं होतं. म्हटलं, पूर्वी यांच्याबद्दलही तसं वाटायचं. पण त्यांना स्वतःचा डीएनए नाही, पेशीतल्याच पडद्यांपासून ते नव्याने तयार होतात. म्हणून आता बहुतेक जण त्यांना पेशीचेच मानतात.

'पेशीचेच' म्हटलं आणि खडू खाली ठेवला. काका बाहेरूनच आले होते, हे मला कळतं. शास्त्र इथे माझ्या कामाचं नाही. पण आपलं कोण, बाहेरचं कोण हा हिशेब इतकी वर्षं मीच लावत बसले होते, त्यांनी तो कधी लावला नाही.

क्लास सुटल्यावर जिन्यातच उभी राहून फोन लावला. "बाबा..." एवढंच म्हणाले.

 ते घाबरून म्हणाले, "काय झाला गो? पडलीस काय?"

नाही म्हटलं, घरी या. "भात कापून झाला का लगेच येतो," म्हणाले.

त्या मुलीला थँक्यू म्हणायचं राहूनच गेलं. भात कापायला अजून महिना आहे... कपबशी आजच धुऊन ठेवलीय.