बाईंचा एकच प्रश्न

बाईंनी कुठल्याही पोराला ‘का केलंस?’ असं विचारलेलं मी कधी ऐकलं नाही. चोरी असो नाहीतर चाकू, त्यांचा प्रश्न ठरलेला: “बरं, मग काय केलंस?” नगरच्या आमच्या ऑफिसात त्यांच्या पाठीमागे सगळे त्यांना ‘मगकाय बाई’ म्हणत आणि हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. बाई परिविक्षा अधिकारी होत्या. अठराच्या आतल्या पोराच्या हातून गुन्हा घडला की त्याच्या घरी, गावात जाऊन चौकशी करायची आणि बाल न्याय मंडळाला अहवाल द्यायचा, हे त्यांचं काम. मी तिथंच समुपदेशक होते.

“का केलं ते पोराला स्वतःलाच सांगता येत नाही,” बाई म्हणायच्या. “नंतर काय केलं ते सांगता येतं, आणि त्यात त्याचं वय दिसतं.” एका पोरानं मोटारसायकल चोरली होती आणि घरी नेऊन तो ती दारातच धूत बसला होता. बाईंना ते इतकं आवडलं की पुढं वर्षभर आम्हाला सांगत होत्या.

दुसरी सवय म्हणजे दोन्ही घरी जायचं. ज्याचं नुकसान झालं त्याच्या घरी आधी, पोराच्या घरी नंतर, आणि दोन्हीकडे पाणी प्यायचं. आमच्याच जिल्ह्यातल्या कर्जतच्या असल्यानं खेड्यातल्या दारात उभं कसं राहायचं हे त्यांना शिकवावं लागलं नव्हतं. एकाच घरी जाऊन लिहिलेला अहवाल त्यांना खोटा वाटायचा.

एका गोष्टीवर मात्र आमचं कधी जमलं नाही. सोळा-सतराच्या पोराला सगळं कळतं, खुनासारखा गुन्हा असेल तर मोठ्यांसारखाच खटला चालवावा, असं माझं मत. मंडळाला वाटलं तर तसं पाठवायची सोय कायद्यातही आहे. बाई सगळं ऐकून घेत, आपल्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी माझ्या ताटलीत वाढत आणि म्हणत, “तुझा मुलगा सतराचा होऊ दे, मग बोलू.” माझा असा संताप व्हायचा.

मग खर्ड्याकडच्या एका गावातलं प्रकरण आलं. दोघं जिवलग मित्र, दोघंही सतरा वर्षांचे. मोबाईलवरच्या एका स्टेटसवरून विहिरीवर भांडण झालं, एकानं लोखंडी पाईप मारला आणि दुसरा जागीच गेला. गावानं बंद पाळला. मोठ्यांसारखी शिक्षा द्या, असे फलक लागले. खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटत होतं.

पोरगा आमच्यासमोर बसला. बाईंनी विचारलं आणि तो घडाघडा बोलला, “घरी गेल्तो. आईपाशी लई रडलो.” बाईंचा प्रश्न एव्हाना गावोगाव पोचला होता, नातेवाईक उत्तर पढवूनच पाठवत. पण त्याची आई त्या दिवशी जामखेडला दवाखान्यात होती, हे बाईंना माहीत होतं.

“हे तुझ्या चुलत्यानं पढवलं. तू काय केलंस?”

आता तो अडखळत बोलला. “त्याचा मोबाईल वाजला. त्याच्या आईचा फोन हुता. मी उचलला. म्हनलं, मावशी, येतोय त्यो.”

“मग?”

“मग तितंच बसलो. परत वाजला. परत म्हनलं, येतोय. लोकं येस्तवर तितंच हुतो.”

बाहेर आल्यावर मी म्हटलं, “झालं. हे लपवणं आहे, मोठ्या माणसाचं डोकं आहे.”

“लपवणारा पळाला असता,” बाई म्हणाल्या. “पण मला तिला विचारू दे.”

मारल्या गेलेल्या पोराच्या घरी आम्ही पुन्हा गेलो. त्याच्या आईनं तांब्या पुढं केला. “व्हय, बोलला की. येतोय म्हनला. म्या भाकरी टाकाया घेतल्या.” मग थोडं थांबून म्हणाली, “दुसऱ्या फोनला मोठ्यानं रडत हुता. मला वाटलं, भांडली आसतील दोघं.”

हे तिनं सांगितलं नसतं तर कुणाला कळलं नसतं. बाईंनी ते जसंच्या तसं अहवालात घातलं आणि शेवटी लिहिलं, हे पोर आहे. मंडळानं खटला आपल्याकडेच ठेवला. म्हणजे फार तर तीन वर्षं सुधारगृहात.

बातमी पोचायच्या आधी बाई स्वतः तिला सांगायला गेल्या. मीही सोबत होते. तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

“म्हंजी माज्या बोलन्यानं त्यो वाचला?”

“हो,” बाई म्हणाल्या.

“माजं बी सतराचंच हुतं, बाई. तीन वर्सांनी त्यो ह्याच दारावरनं जाईल. मग म्या काय करू?”

सगळ्या जिल्ह्याच्या पोरांना बाई विचारायच्या तो प्रश्न आता तिनं बाईंनाच विचारला होता. त्या दिवशी तिनं पाणी दिलं नाही. परतताना एसटीत मला बाईंची फार कीव आली आणि त्याहून जास्त त्या आईची.

बाई आता निवृत्त होऊन कर्जतला असतात. त्यांचा प्रश्न मी विचारते. माझं मत सगळं बदललं असं नाही, पण उत्तर येईपर्यंत मी आता गप्प बसते. बाई मात्र अजून अधूनमधून एसटीनं त्या आईच्या घरी जातात. तो पोरगा येत्या उन्हाळ्यात सुटणार आहे. परवा भेटल्या तेव्हा मी विचारलं, “पाणी देते का हो आता?”

“नाही,” बाई म्हणाल्या. “पण ‘बसा’ म्हणते.”