दोन माणसांचं यान

केनियाच्या किनाऱ्यावरच्या आमच्या न्गोमेनीच्या नाखव्यांपैकी माझा मामा फमाऊ हा एकच असा, ज्याच्या हातून माणूस हरवला तो समुद्रात नाही, आकाशात. आणि जो हरवला तो बुनू त्या वेळी माझ्याच दुकानात स्टुलावर बसून शेंगदाणे खात होता.

मामाने उभं आयुष्य पाण्यावर काढलं. आधी शिडाच्या गलबतातून खारफुटीचे वासे मोम्बासाला नेले, मग स्वतःचा मचवा केला आणि मुशीची, म्हणजे शार्कची, जाळी टाकली. शेवटी एका सकाळी मचवा आणि धक्का यांच्यामध्ये त्याचा गुडघा सापडला आणि कारभार आटोपला. मचवा जावयाकडे गेला. जावई तो चालवतो असं गावात म्हणतात, मामा म्हणत नाही. घरी बसून मामीचं डोकं खाण्यापेक्षा तो माझ्या दुकानात येऊन माझं खायला लागला. माझं दुकान म्हणजे दोन कॉम्प्युटर, एक झेरॉक्सचं मशीन आणि फोन चार्ज करायला लावलेल्या वायरींचं जंगल.

त्यातला एक कॉम्प्युटर मी मोम्बासाहून जुना आणला होता. आधीच्या मालकाने त्यात रॉकेट बांधायचा एक खेळ तसाच ठेवला होता. टाक्या, इंजिनं, पंख असे सुटे भाग एकावर एक रचायचे, आत हेल्मेटवाली बाहुली बसवायची आणि उडवायचं. मी तो काढून टाकणार होते, तेवढ्यात मामाने पाहिला.

रॉकेट म्हणजे काय हे आमच्याकडे सांगावं लागत नाही. इटलीवाल्यांचे लोखंडी मनोरे अजून आमच्या खाडीत पाय रोवून उभे आहेत. मामा लहान असल्यापासून बरीच वर्षं तिथून रॉकेटं उडायची आणि त्या दिवशी होड्यांना बाहेर जायला मनाई असायची. त्यामुळे मामाच्या लेखी रॉकेट म्हणजे मासळी नसलेला दिवस. "इतकी वर्षं माझा धंदा बुडवला," तो खुर्ची ओढत म्हणाला, "बघू तरी काय एवढं अवघड असतं."

अवघड असतं. पहिल्या रॉकेटच्या तळाशी त्याने जमतील तेवढे जड भाग लावले. रिकामा मचवा वाऱ्यावर कलंडतो म्हणून तळात दगड भरतात, तसंच हे. रॉकेट जागचं हललं नाही. पण कलंडलंही नाही, हे मामाने मला दोनदा दाखवून दिलं.

पुढचं रॉकेट सरळ वर गेलं आणि सरळ खाली आलं. त्याच्या पुढचीही तशीच. मी इंटरनेटवरून वाचून दाखवायचे, मामा डोळे मिटून ऐकायचा, आणि मग मी सांगितलेलं सोडून सगळं करायचा. बऱ्याच आठवड्यांनी एकदा तो दुकानाबाहेरच्या ओट्यावर कॉफी पिणाऱ्या म्हाताऱ्यांना समजावताना मी ऐकलं. "वर जाणं काहीच नाही रे. आडवं जायचं असतं. इतकं जोरात आडवं, की तू पडतोस, पडतोस, आणि तुझ्याखालची जमीनच वळून जाते. मग पडतच राहायचं, फुकट. इंजिन बंद."

"म्हणजे तुझ्या जावयासारखं," कुणीतरी म्हणालं.

खेळात बाहुल्यांना नावं देता येतात. मामाने एकीला स्वतःचं दिलं, बाकीच्यांना आपल्या जुन्या खलाशांची. खेरी हे त्याच्या सुकाणूवाल्याचं नाव. खेरी वारून दहा वर्षं झाली असतील. आणि बुनू हे बुनूचं. बुनू मामाबरोबर पोरवयापासून मचव्यावर होता. दोघांनी मिळून एका मुशीचं पोट फाडून त्यातून कुणाचा तरी बूट काढला होता आणि तो कुणाचा यावर अजून भांडतात. आपलं नाव आकाशात जाणार म्हणून बुनू नवी लुंगी नेसून आला.

बुनूला बसवलेलं ते रॉकेट पृथ्वीभोवती फिरायला लागलं. म्हणजे खेळातल्या पृथ्वीभोवती. मामाने दोन्ही हात टेबलावर सपाट ठेवले. मग खाली आणायची वेळ आली आणि इंधन संपलं.

चूक कुठे झाली ते मला चांगलं माहीत होतं, कारण तिच्यावरून आमची वादावादी झाली होती. रॉकेटची टाकी रिकामी झाली की ती सोडून द्यायची असते, नाहीतर मेलेलं वजन घेऊन पुढे जावं लागतं. मामाने एकही टाकी सोडली नव्हती. "चांगली टाकी समुद्रात फेकायची?" तो म्हणाला होता. आमच्या किनाऱ्यावर रिकामा डबा कुणी फेकत नाही, त्यात पाणी भरतात, डिझेल भरतात, जाळ्याला बांधून तरंगवतात. त्या सगळ्या चांगल्या टाक्यांसकट बुनू आता वर फिरत होता.

मी म्हटलं, "मामा, हे बटण दाब. उड्डाण झालंच नाही असं होतं. बुनूकाका परत जमिनीवर."

"झालंच नाही म्हणजे? झालं ना?"

"झालं, पण—"

"माणूस बाहेर राहिला, आणि मी म्हणू तो गेलाच नव्हता?" त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मी झेरॉक्सचं मशीन पुसायला लागले. आमच्याकडे एखादी होडी परतली नाही की बाकीच्या होड्या त्या दिवशी जाळी टाकत नाहीत, शोधायला जातात. हे कुणी ठरवलेलं नाही आणि कुणी मोडतही नाही.

ओट्यावर मामाची पुरती शोभा झाली. अडकवलंस याबद्दल कुणी फार बोललं नाही, अडकतं माणूस. पण "एकट्याला पाठवलंस?" हे सगळ्यांनी विचारलं. एकटा माणूस समुद्रावर जात नाही, कमीत कमी दोघं लागतात. यानात आसनच एक होतं, असं मामा सांगायला गेला. बुनू म्हणाला, "मग मोठं बांधायचं. मी काय मांजर आहे?" बुनूची बायको मेजुमा तूर आणि नारळाच्या रसाचं भांडं घेऊन दुकानात आली, वर काय खातो हा, म्हणून विचारून गेली.

इथवर सगळी मजाच होती. मग बुनूच्या पोटात गाठ निघाली.

मोम्बासाच्या डॉक्टरांनी सांगितलं, कापून काढायची, उशीर करायचा नाही. तारीख मिळाली सोमवारची. आणि बुनू म्हणाला, मी जाणार नाही. मी वर अडकलेलो असताना खाली मला कापायचं म्हणजे काय? आधी मला उतरवा.

तो घाबरला होता. मुशीच्या जबड्यात कोपरापर्यंत हात घालणारा माणूस, पण सुरीखाली झोपायचं म्हटल्यावर त्याचे ओठ पांढरे पडले, आणि त्याला ही सबब सापडली. हे मला कळत होतं, मेजुमाला कळत होतं, ओट्यावरच्या प्रत्येकाला कळत होतं. मला त्याचा भयंकर राग आला. मेजुमा माझ्या दुकानामागे उभी राहून रडायची आणि पुढे येऊन हसायची. मी मामाला म्हटलं, "ते बटण दाब आणि सांग त्याला, उतरलास म्हणून."

"त्याला कळेल."

"कसं कळेल? त्याला माऊस कुठून धरायचा तेही माहीत नाही."

"तिमा, चाळीस वर्षं तो माझ्या मागे बसलाय. त्याला कळेल."

मग मामाने दुसरं यान बांधायला घेतलं. या वेळी टाक्या सोडल्या. प्रत्येक टाकी सुटताना तोंड वाकडं करायचा, पण सोडली. यान बुनूच्या मागोमाग फिरायला लागलं. आता नुसतं गाठायचं होतं. मामाने नाक बुनूकडे केलं आणि इंजिन चालू केलं, जसं कुणीही करेल. आणि बुनू लांब जायला लागला. जितका जोर लावावा तितका लांब.

मी पुन्हा वाचून दाखवलं. पुढच्याला गाठायचं तर वेग कमी करायचा. वेग कमी केला की आपण खाली उतरतो, खालची वाट आखूड असते, तिथून आपण लवकर फिरून पुढे येतो. जोर लावला की वर जातो, वरची वाट लांब, म्हणून मागे पडतो. मला स्वतःला हे पटलं नव्हतं. मामाने मला तीनदा वाचायला लावलं आणि म्हणाला, "हे ज्याने केलं त्याला माणसांचा अनुभव आहे."

शनिवारी दुपारच्या नमाजानंतर तो बुनूजवळ पोचला. रविवारी पहाटे मोम्बासाची गाडी होती. दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती, झेरॉक्सच्या मशीनवर दोघं बसले होते. बुनू स्टुलावर, मेजुमा त्याच्या मागे. पडद्यावर दोन यानं शेजारी शेजारी तरंगत होती, मचव्याला मचवा लावावा तशी. मी श्वास सोडला आणि मग मला दिसलं.

"मामा, या यानात आसनं किती?"

"दोन."

"आत कोण कोण आहे?"

"खेरी आणि मी. एकट्याला पाठवू होय परत?"

न्गोमेनीबाहेरच्या कुठल्याही माणसाने एक आसन रिकामं ठेवून पाठवलं असतं. आमच्या मामाने माणसाला आणायला यान पाठवलं आणि रीत म्हणून ते भरून पाठवलं. तिथे बसलेल्या एकालाही आठवडाभर त्यात काही खटकलं नव्हतं. मलाही नाही.

बुनू स्टुलावरून उठला. "राहू दे," तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात एवढी सुटका होती की मला त्याला बदडावंसं वाटलं. "नवं बांध सावकाश. तारीख काय, पुन्हा मिळेल."

मेजुमाने ओढणीचं टोक तोंडात धरलं.

मी मामाच्या कानाशी म्हटलं, "खेरीला बाहेर काढ. तो मेलेला आहे, त्याला काय फरक पडतो?"

"खलाशी उतरत नाही," मामा म्हणाला. "नाखवा उतरतो." आणि त्याने स्वतःच्या नावाच्या बाहुलीवर बोट ठेवलं. खेळात बाहुल्या यानाबाहेर येऊन पाठीवरच्या फवाऱ्याने तरंगत जाऊ शकतात. फमाऊ बाहेर आला. मग बुनू बाहेर आला, दोघं मध्येच कुठेतरी एकमेकांवर आपटले, ओट्यावरचे म्हातारे बघवेना म्हणून खाली बघू लागले. शेवटी बुनू खेरीच्या शेजारी बसला. फमाऊ जाऊन बुनूच्या यानात बसला, ज्यात थेंबभर इंधन नव्हतं.

"आता चालवणार कोण?" बुनूने विचारलं.

"खेरी. तो माझ्यापेक्षा बरा होता."

तेही खरं. मेलेल्या खेरीने यान वळवलं, वेग कमी केला, आगीतून खाली आणलं, आणि हवाई छत्री उघडून किनाऱ्यापासून थोडं बाहेर, उथळ पाण्यात अलगद टेकवलं. माऊस मामाच्याच हातात होता, पण ते कुणी बोललं नाही. बुनू पडद्यावरच्या त्या पाण्याकडे बघत राहिला. आता सबब राहिली नव्हती. त्याचा चेहरा लहान मुलासारखा झाला, आणि माझा सगळा राग कुठे गेला कळलं नाही.

"फमाऊ," तो हळूच म्हणाला, "मला भीती वाटते रे."

"माहीत आहे."

"आणि तू वर राहिलास."

"हो."

"तुला कोण आणणार?"

"तू."

"मला यातलं काही येत नाही."

"मग लवकर ये. शिकायला वेळ लागतो, मला विचार."

रविवारी पहाटे तो गाडीत बसला. मेजुमाने गाठोडं मांडीवर घेतलं. मामा काठी टेकत गाडीपर्यंत गेला आणि गाडी सुटल्यावरही तिथेच उभा राहिला.

त्यानंतर तो रोज दुकानात येऊन त्या कॉम्प्युटरसमोर बसायचा आणि कशालाही हात लावायचा नाही. मी एकदा म्हटलं, तुझं तू अर्ध्या दिवसात स्वतःला उतरवशील. तो म्हणाला, "मला उतरायचं नाहीये, पोरी. मला कुणीतरी न्यायला यायला हवंय." मग त्याने डोळे पुसले. ते लपवलंही नाही.

सोमवार गेला. मंगळवारी फोन आला नाही. बुधवारी दुपारी मेजुमाचा नंबर वाजला आणि मला उचलवेना. मामानेही उचलला नाही. शेवटी मीच उचलला. मेजुमाऐवजी आतून एक घासलेला, दमलेला आवाज आला. गाठ काढली का, दुखतंय का, हे विचारायला त्याने मला जागाच दिली नाही.

"तिमा, तो अजून फिरतोय ना?"

"फिरतोय, काका."

"कुणाला हात लावू देऊ नकोस. मी येतोय."